मामांचा भोकाचा पैसा

जगात भिण्यासारखं जे काही आहे त्या सगळ्याला भिऊन झाल्यावर महाल भागात राहणाऱ्या माझ्या मामांनी तांब्याच्या पैशाला भ्यायला सुरुवात केली. गॅसची नळी, लिफ्ट, मोबाइलवरचा अनोळखी नंबर हे त्यांचे जुनेच शत्रू. पण खरा धाक भोकाच्या पैशाचा. आमच्याकडे पूर्वी नजर लागू नये म्हणून लेकरांच्या गळ्यात तो काळ्या दोऱ्यात बांधत. मामांनी तो स्वतःच्या आणि साठीतल्या मामींच्याही गळ्यात बांधला. रोज चहाआधी दोन्ही पैसे उजेडात तपासायचे. लाल असला तर दिवस बरा. तपकिरी पडला की स्कूटर बंद. काळा दिसला की अंघोळीला सुट्टी, कारण न्हाणीत पाय घसरतो. एकदा कडेला हिरवा कळंक दिसला, तर त्यांनी उमरेडहून माझ्या आईला, म्हणजे त्यांच्या बहिणीला, शेवटचं भेटायला बोलावलं. ती बसनं धापा टाकत पोहोचली तेव्हा मामा पोहे खात होते.

मी कितीदा समजावलं, अहो मामा, तांबंच ते. हवा लागली की तपकिरी पडतं, मग काळवंडतं, घाम आणि ओल मुरली की हिरवं होतं. चिंच-मीठ लावून घासा, लाल होईल. ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायचे. "थर्मामीटर घासून ताप उतरते काय गा?"

मग मामींच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनला उशीर नको, आणि नेमका मामींचा पैसा हिरवा पडलेला. मामा अडून बसले. हा रंग जाईपर्यंत कोणाला हात लावू देणार नाही म्हणाले. मामी कळवळत होत्या, आम्ही सांगून सांगून थकलो, मला तर रागानं रडू यायचं बाकी होतं. आणि एका सकाळी तो पैसा लख्ख लाल झाला. मामांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि चपला घातल्या.

ऑपरेशनला आत नेताना नर्सनं दोरा काढून मामांच्या हाती दिला. त्यांनी मूठ आवळली ती सोडेचनात. दार बंद. शेवटी त्यांनी मूठ उघडली, तर पैसा पुन्हा काळवंडलेला आणि तळहातावर हिरवा डाग.

"चिंच लावली होती तिनं. वास येऊन राह्यला होता मले," मामा म्हणाले. "मी गप्प बसलो. तिले जगायचं होतं गा." मग माझा हात घट्ट धरला. "हा रंग माह्या घामाचाच ना? सांग ना बाबू."

मी सांगितलं. दार उघडेपर्यंत पुन्हा पुन्हा तेच सांगत होतो.

मामी बऱ्या होऊन घरी आल्या. पैशांकडे आता मामा ढुंकून बघत नाहीत. सकाळी ते मामींचा चेहराच निरखत बसतात. परवा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "कांती उतरली वाटते तिची. हे काहून होते गा?" मामी आता सत्तरीला टेकल्यात, एवढंच मला ठाऊक होतं. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो आणि मीही मामींकडे बघत राहिलो.