राबाचा धूर

कुरवंड्याच्या रस्त्यालगत एक मावशी उन्हाळ्यात भाताच्या रोपांची जमीन भाजायला राब रचायच्या. खाली शेण, त्यावर डहाळ्या आणि गवत, वर माती. पेटवण्याआधी मूठभर माती सोडून वारा पाहायच्या. सकाळी फिरताना मी तिथे थांबून हातातले कागद वाचत असे. नाव कधी विचारलं नाही.

एकदा त्यांनीच विचारलं, "भाऊ, रोज ते कागद कसले वाचता?"

माझी पत्नी कॅन्सरने गेली, मी सांगितलं. छातीतली गाठ काढली, तरी तो पुढे लिव्हरमध्ये निघाला. या लेखात लिहिलंय, गाठीतल्या पेशी अतिसूक्ष्म पिशव्या सोडतात. त्या रक्तातून दूर जाऊन तिथली जागा तयार करू शकतात. पेशी मागाहून येतात.

"म्हंजी आदी राब भाजायचा, मग बी टाकायचं," त्या म्हणाल्या. "लय हुशार की ती मेली गाठ."

मला हसू आलं. मग कुणाला न सांगितलेलं बोलून गेलो. "ती थकवा येतो म्हणायची. मी वय झालं समजलो. मला आधी कळायला हवं होतं."

त्यांनी काठीने राबाची कड सारखी केली.

"आमचा राब पेटला की धूर पार डोंगरावरनं दिसतो. त्या गाठीचा निगतो का धूर?"

"नाही."

"मग तुमाला कुटनं दिसणार व्हतं?"

त्यांनी काडी ओढली. मी बांधावर बसलो आणि लेख पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. या वेळी त्यात माझी चूक शोधत नव्हतो. त्या पिशव्या जागा कशी भाजतात, एवढंच मला समजून घ्यायचं होतं.