भावजींचं धुमधुमतं खोकं

काळजी करण्यात आमच्या थोरल्या भावजींचा हात धरील असा माणूस भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत झाला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. भावजी म्हणजे माझे थोरले दीर. भोरच्या एसटी डेपोत गाड्यांचे नटबोल्ट आवळायचे हे त्यांचं काम, आणि मला वाटतं ते काम त्यांच्या स्वभावावर बेतूनच कुणीतरी काढलं असावं. गाडी उशिरा आली तर काय झालं असेल म्हणून काळजी, आणि वेळेवर आली तर घाईघाईत कुठला नट ढिला राहिला असेल म्हणून काळजी. स्वतःच्या लग्नात हे गृहस्थ मांडवाचे दोर ओढून बघत बसले होते. नवरी येऊन उभी राहिली, सगळे नवऱ्याला शोधतायत, आणि नवरा एका खांबाला मिठी मारून म्हणतोय, "ह्यो हलतुया का तुमीच सांगा." आमच्या गावी, पासलीला, शनिवारी आले की चहा पिण्याआधी घराची आढी मोजल्यासारखी नजर वर फिरवायचे. मी म्हणायची, "भावजी, घर आहे तसंच आहे, चहा घ्या." तर म्हणायचे, "वैनी, घरं अशीच असत्यात, पडंपर्यंत."

पण सगळ्या काळज्यांची राणी होती त्यांची आई. माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आत्या म्हणायचो. आत्यांचे कान हळूहळू गेले आणि एक दिवस पुरतेच गेले. आमचे हे, म्हणजे माझे मालक, चैत्रातल्या जयंतीच्या गाण्यांना ढोलकी वाजवायचे. आत्या आधी पुढच्या रांगेत बसायच्या, मग मागच्या, मग यायच्याच बंद झाल्या. म्हणायच्या, "समदी तोंडं हलवत्यात अन् म्या गायीवानी बघत बसती. त्यापरीस घर राखते." आपला धाकटा मुलगा ढोलकी बडवतो आणि आईला त्यातलं काही पोहोचत नाही, हे भावजींच्या पोटात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

एकदा भावजी भोरला तंबूतला सिनेमा बघायला गेले. आवाजानं आपलेही कान जातील या भीतीनं दोन्ही कानांत बोटं घालून बसले. पडद्यावर ढोल वाजायला लागला, आणि कान बंद असूनही तो ढोल त्यांच्या बरगड्यांत धुमधुमला. सिनेमा अर्धा टाकून ते उठले, तंबूच्या कनातीमागं जाऊन आवाजाचं यंत्र सांभाळणाऱ्याला गाठलं. त्याच्याकडं कागदी पडदा फाटलेला, सुपाएवढा एक जुना स्पीकर पडून होता, तो मागून घेतला. त्या माणसानं जाता जाता एवढंच सांगितलं, की नुसता स्पीकर धुमणार नाही, त्याला लाकडाचं खोकं पाहिजे, हवा कुठून गळता कामा नये, पुढं एक भोक ठेव, आणि आत मऊ काहीतरी भर.

तो स्पीकर त्यांनी धक्का लागू नये म्हणून शालीत गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीतून आणला. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "लेकरू रडत कसं न्हाई?" भावजी म्हणाले, "त्येचीच तर काळजी हाय मावशी." म्हातारी घाबरून पुढच्या बाकावर जाऊन बसली.

सुतारकाम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. गावातल्या सुताराला सांगावं तर "तो हसंल" ही भीती. मग आमच्याच पडवीत ठोकाठोक सुरू झाली, आणि घरातल्या वस्तू एकेक करून नाहीशा होऊ लागल्या. आधी दोन पाट गेले, मग मांडणीची फळी, आणि एका शनिवारी मी न्हाणीत गेले तर न्हाणीला दार नाही. "वैनी, पडदा लावा ना," म्हणाले, "पडद्याला बिजागऱ्यांची काळजी नसती." फाटलेल्या कागदाला खळ लावून पतंगाच्या कागदाचं ठिगळ लावलं, ते सुकेस्तोवर घरात कुणी शिंकायचं नाही असा हुकूम. खोकं उभं राहिल्यावर, पुढच्या भोकात बोळा कोंबून हवेची परीक्षा. मी स्पीकरचा पडदा तळहातानं हळूच दाबायचा आणि भावजींनी पेटती मेणबत्ती सगळ्या सांध्यांवरून फिरवायची. जिथं ज्योत हलली तिथं हवा गळतेय. ज्योत जिकडं तिकडं हलत होती. भावजींच्या कपाळाला घाम.

"कणगीला कशी फट राहात नाही?" मी सहज म्हटलं. बांबूच्या कणगीत आम्ही वर्षाचं भात ठेवायचो, आणि ती आतून-बाहेरून शेणामातीनं लिंपायची, हे आमच्याकडं पोरीसोरींनाही येतं. भावजींचे डोळे चमकले. "भात साठवा न्हाईतर आवाज साठवा, गळाय तर दोनी नगंच." झालं. मी कोपरापर्यंत हात बरबटून ते खोकं लिंपलं. आणि आत मऊ काय भरायचं, तर त्यालाही उत्तर तयार होतं. बाजारात अंडी, काचेची बरणी, सगळं भाताच्या तुसातच ठेवून आणतात, म्हणजे तुसासारखं मऊ दुसरं काय? दोन पोती तूस आत गेलं. ते खोकं आता दिसायला कणगीचं धाकटं भावंड आणि वजनाला रेडा.

जयंती जवळ आली तसा भावजींचा घास कमी झाला. "आईला काय कळलंच न्हाई तर? औंदा म्या तिला हात धरून आणतुया. फुकट बसवली, तर ती परत उंबरा वलांडायची न्हाई वैनी." मग, "आन् लई कळलं तर? छाती म्हातारीची हाय."

उन्हं उतरल्यावर समाजमंदिरापुढं माणसं जमली. आत्यांना त्यांनी खुणांनी विनवून विनवून आणलं, खोक्यासमोर पोतं अंथरून बसवलं. आत्या चेहरा पाडून बसल्या होत्या. ट्रकच्या बॅटरीवरचं आवाजाचं मशीन सुरू झालं, ह्यांनी माइकपुढं ढोलकी घेतली. भावजी माझ्याशेजारी उभे, हातातल्या टोपीचा पिळा झालेला. पहिली थाप पडली. धुम्म झालं, जमीन तळव्याखाली हलली, आणि खोक्याच्या भोकातून तुसाचा एक भपकारा निघून थेट आत्यांच्या अंगावर. दुसरी थाप, दुसरा भपकारा. पुढची रांग खोकत, हसत मागं सरकली. एकजण ओरडला, "आरं, सूप आणा कुणीतरी, उफणून घिऊ." भावजी बॅटरीची तार उपटायला धावले.

तेवढ्यात आत्यांनी दोन्ही तळवे जमिनीवर टेकले. डोळे मिटलेले, केसांत, भुवयांवर तूस. बहिरं माणूस बोलतं तसं मोठ्यानं बोलल्या, "चैतात कुणी रं भात झोडाय काढलंय?"

सगळे खो खो हसले. भावजींचा हात तारेवरच राहिला. माझ्याकडं वळून म्हणाले, "वैनी, ढोलकी न्हाई कळली तिला."

"पण पोचलं ना काहीतरी," मी म्हटलं. "बघा तरी त्यांच्याकडं."

आत्या थापेबरोबर मान हलवत होत्या. आपल्या काळात फळीवर पेंढी झोडण्यात त्यांची बरोबरी करणारी बाई आसपासच्या वाड्यांत नव्हती, असं लोक सांगत. हात आपोआप वर जायचा आणि थापेवर बरोबर खाली यायचा. डोळे उघडून त्यांनी लेकाला विचारलं, "किती पेंढ्या राह्यल्यात?"

भावजींनी तारेवरचा हात काढला. मग त्यांनी डोक्याच्या वर हात नेऊन, दोन्ही बाजूंना पसरून, एवढा मोठा ढीग दाखवला. आत्या खूष झाल्या, पदर खोचून सावरून बसल्या. भावजींनी ह्यांना खूण केली, वाजव. गाणी संपली, चहा झाला, माणसं पांगायला लागली, तरी हे वाजवतच होते. बोटं सुजली होती ह्यांची.

"वैनी," भावजी माझ्या कानाशी आले, "थांबायचं कवा? थांबलं की तिला वाटंल, मळणी सरली."

"मग नका थांबू," मी म्हटलं.

कुणी थांबलं नाही. बॅटरीच उतरत गेली. धुमका बारीक झाला, मग आणखी बारीक, भोकातून तूस यायचं बंद झालं, आणि आत्यांनी जमिनीवरचे हात हळूच उचलले. पदर झटकला. लेकाच्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या आणि घराच्या वाटेला लागता लागता म्हणाल्या, "झालं औंदाचं. बरं पिकलं."