सुई टोचल्यानंतरचा अर्धा तास

लग्नाला तीन वर्षं झाली होती, तरी सकाळी डोळे उघडले की माझ्यापुढे एकच प्रश्न असे. आज काय शिजवायचं? नवऱ्याला मधुमेह. तेवढ्यानं भागत नव्हतं म्हणून की काय, दूध, शेंगदाणे किंवा तीळ यांतलं काहीही पोटात गेलं की अंगभर गांधी उठत, ओठ सुजत, घसा आवळून येई. डॉक्टर त्याला ॲलर्जी म्हणत. दाण्याचं कूट, साजूक तूप, ताक ही माझ्या माहेरची सगळी मंडळी घराबाहेर गेली. मी मोहरीच्या उग्र तेलात वरणाला फोडणी द्यायला शिकले. ह्यांच्या पळीला लाल दोरा बांधलेला असे, आणि ती चुकून पाहुण्यांच्या पातेल्यात बुडाली तर मी स्वतःलाच शिव्या घाली.

त्यातून हे गृहस्थ चोरून गूळ खायचे. एकदा रंगेहाथ सापडले, तेव्हा मी साखरेचा डबा आणि गुळाची ढेप उचलून समोरच्या बंगाली काकीमांकडे ठेवून आले. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. इन्सुलिनची सुई टोचल्यावर अर्ध्या तासात जेवण झालंच पाहिजे, आणि घरात साखर हाताशी हवी. दुसरी मी रागाच्या भरात विसरले.

त्या रविवारी नागपूरहून त्यांचे मामा यायचे होते. वडिलांच्या मागे मामांनीच ह्यांना वाढवलं, शिकवलं. नवरा गार्डन रीचला रेल्वेच्या कचेरीत, त्यामुळे गाड्यांच्या वेळापत्रकावर देवापेक्षा जास्त श्रद्धा.

"मेल दहाला हावड्याला लागते. साडेअकराला मामा दारात. तू अकराला सुई दे."

"मामा आल्यावर देते की."

"अगं, मग जेवायला बारा वाजतील. त्यांना ताटकळत ठेवायचं?"

मी सुई उकळली आणि टोचली. आजही त्याबद्दल मला स्वतःचा संताप येतो.

साडेअकरा झाले. मामा नाहीत. मी ताट वाढलं. दोन फुलके, वाटीभर भात, वरण, पडवळाची भाजी.

"मामांच्या आधी मी ताटावर बसू?"

"मामांना मी सांगते."

"नको. येतीलच आता."

पावणेबारा. मी दाराशी जाई, परत येई. बाराला ह्यांच्या हातातलं वर्तमानपत्र थरथरायला लागलं, कपाळावर घाम फुटला. मी घास तोंडाशी नेला. त्यांनी हात झटकला आणि काहीतरी तिरसट बोलले, पण शब्द जड झाले होते. मग ते भिंतीवरून हळूहळू खाली घसरले.

मी फळीवरचे डबे धडाधड उघडले. तिखट, मीठ, डाळ. साखर कुठे असणार! दारात जाऊन ओरडले, "काकीमा! कुछ मीठा!"

काकीमा हातात संदेशाची बशी घेऊनच धावत आल्या. "खाओ बाबा, खाओ," म्हणत त्यांनी एक संदेश ह्यांच्या ओठांना लावलाही. मी बशीसकट त्यांचा हात उडवला. संदेश म्हणजे नुसतं नासवलेलं दूध. या शहरात गोड म्हटलं की दूध!

"चिनी! काकीमा, चिनी!"

त्या उलट्या पावली पळाल्या. तेवढ्या वेळात मी ह्यांचे ओठ पदरानं पुसत होते आणि मोठमोठ्यानं रडत होते.

काकीमांनी आणलेल्या साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं गालात सोडलं. गिळत होते, एवढंच नशीब. हळूहळू नजर स्थिर झाली. ओठ सुजले नव्हते. पहिला शब्द फुटला तो, "मामा आले?"

"गेले खड्ड्यात मामा! तोंड उघडा."

त्यांनी मुकाट्यानं उघडलं. मी वरणभात भरवत होते, तेवढ्यात ट्रंक घेऊन मामा आत आले. गाडी वाटेत तासभर अडकली होती. मी उठून त्यांना पाट मांडला, ताट वाढलं.

"अगं सूनबाई, मला कशाला? मी खरगपूरला पोटभर पुरीभाजी खाऊन आलोय. तुझ्याकडे पथ्याची एवढी कटकट, म्हटलं पोरीला आणखी त्रास नको."

ह्यांनी मान खाली घातली. मी मामांचं वाढलेलं ताट स्वतःपुढे ओढलं आणि त्या दोघांच्या देखत, त्याच पाटावर बसून जेवायला लागले.