प्लॉट सहा गेला

निघोज्याच्या मारुतरावांचा विश्वास एकट्या बायकोवर, रंभाबाईंवर, आणि तोही मीठ-मिरचीपुरता. बाकी सगळ्या जगाकडे ते डोळे बारीक करूनच बघायचे. आता दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्यात त्यांचा तरी काय दोष? खालचं रान कंपनीला गेलं, मग वरचं रस्त्याला. दोन्ही वेळा आधी कोणीतरी गोड बोलणारं आलं, चहा प्यालं, रानात खुंट्या ठोकल्या आणि "काही नाही काका, नुसतं बघतोय" म्हणालं. बघता बघता गिळलं की हो! उरलं ते विहिरीजवळचं, कंपनीच्या भिंतीला टेकलेलं रान. भिंतीपलीकडे गाड्यांचे सांगाडे जोडले जायचे, अलीकडे मारुतराव कांद्याला पाण्याची दारं धरायचे. एवढं तरी आपल्या डोळ्यांदेखत कुणाच्या घशात जाऊ नये, ही एकच गोष्ट त्यांना आयुष्याकडून हवी होती.

आणि अशा रानात यंदा मैत्री नावाची मुलगी आली. पिंपरीच्या कामगार वसाहतीतली पोर, वडील लेथ मशीनवर काम करून निवृत्त झालेले, आणि ही कांद्याच्या रोगांवर पीएच.डी. करत होती. तिला आणलं मारुतरावांच्या पोरानं, जयदीपनं. इथंच म्हाताऱ्याला पहिली ठेच लागली. जो पोरगा बूट मळतील म्हणून बांधावर पाय टाकत नाही, दिवसभर लोकांच्या जमिनींचे व्यवहार जुळवत चाकणभर फिरतो, त्याला एकाएकी कांद्याचा पुळका कुठून आला?

"बाबा, कॉलेजचं काम आहे," जयदीप म्हणाला होता. "खुंट्याबिंट्या ठोकतील, तुम्ही लक्ष देऊ नका."

लक्ष देऊ नका म्हणे! त्या दिवसापासून मैत्री रानात असली की मारुतराव विहिरीच्या कठड्यावरून हलायचेच नाहीत. मैत्री स्कूटरवरून यायची, आधी एक करडा पत्रा जमिनीवर ठेवून त्याचाच फोटो काढायची, मग काठीला लावलेला चार-पाच भिंगांचा कॅमेरा कांद्याच्या पातीवर धरायची.

"पत्र्याचं काय फोटो काढती गं? त्याला बी रोग झालाय का?"

"उजेड किती आहे ते कॅमेऱ्याला कळावं म्हणून, आजोबा. आपल्याला दिसत नाही तो प्रकाशही हा टिपतो. पात वरून हिरवीगार दिसते ना, तेव्हाच आत करपा असला तर कळतं."

"आसं व्हय," मारुतराव म्हणाले, आणि मनात म्हणाले, थापा मार लेकी. मला दिसत न्हाई ते हिला दिसतंय!

पंधरवड्यात रानभर खुंट्या झाल्या. वाफ्यांत पांढऱ्या टोकांच्या, बांधाकडेनं लाल टोकांच्या. मारुतरावांच्या छातीतच ठोकल्यासारख्या वाटायच्या. आणि एका सकाळी मैत्री फोनवर मोठ्यानं बोलताना त्यांच्या कानावर पडली.

"सर, प्लॉट सहा गेला. चार आणि पाच अजून आहेत, पण तेही या आठवड्यात जातील."

मारुतरावांच्या हातातलं खोरं गळून पडलं. प्लॉट गेला! कुणाला गेला? काय भावानं गेला? ती स्कूटरवरून जाईपर्यंत म्हातारा दात-ओठ खात थांबला, आणि मग त्यानं पांढरी म्हटली नाही, लाल म्हटली नाही, सगळ्या खुंट्या उपटून विहिरीपाशी ढीग घातला.

दुसऱ्या दिवशी तो ढीग बघून मैत्री धावतच वाफ्यांत जाऊन आली. मग रडली, आणि मग भडकली.

"अहो, माझा अख्खा हंगाम उपटलात तुम्ही! कुठल्या वाफ्यात कधी रोग आला, कसं सांगू आता?"

"माझं रान इकती आन मलाच बोलती? सहा नंबरचा प्लॉट कुनाला दिला, सांग!"

"आजोबा, प्लॉट म्हणजे वाफा. आम्ही अभ्यासात तसंच म्हणतो. सहा गेला म्हणजे त्यावर करपा आला."

"मंग वाफा म्हन की गं बाई! चाकनात प्लॉट म्हन्लं की मानसाच्या पोटात गोळा येतो!"

रंभाबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्यांनी कपाळावर हात मारला. "अवं, लेकराचं केवढं नुकसान केलं तुमी!"

मारुतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पोरी, चुकलं माझं. कशा लावायच्या सांग, मी लावतो."

"जुन्या फोटोंवरून जागा सापडतील बहुतेक," नाक पुसत ती म्हणाली आणि ढिगातून आपल्या खुंट्या वेचू लागली. वेचता वेचता थांबली. "ह्या लाल माझ्या नाहीत. मी वाफ्यातच ठोकल्या, बांधाला कशाला ठोकू?"

मारुतरावांना आठवलं, लाल खुंट्या भिंतीपासून विहिरीपर्यंत दुहेरी ओळीत होत्या. मधे बरोब्बर गाडी जाईल एवढी वाट. वाफ्याला कशाला लागतोय रस्ता?

तेवढ्यात जयदीप आला. ढीग बघून ओरडलाच, "बाबा, लाल कशाला उपटल्या? उद्या पार्टी जमीन बघायला येणारे..." आणि जीभ चावली.

रंभाबाईंनी हातातला कप बांधावर ठेवला. पलीकडे कंपनीत काहीतरी लोखंड आदळल्याचा आवाज झाला.

"सातबारा अजून माज्या नावावर हाय, जयदीप," मारुतराव एवढंच म्हणाले. आवाज चढला नाही, उलट बसला. मग ते मैत्रीकडे वळले. "पात वरून हिरवी दिसती तवाच आत करपा आसतो, आसं म्हन्लीस ना?"

"हो, आजोबा."

"मंग जरा ह्याचा फोटो काढ."

कॅमेरा कुणी उचलला नाही. जयदीप मान खाली घालून बुटाला लागलेला चिखल बघत राहिला. मारुतरावांनी डोळे पुसले, लाल खुंट्या चुलीत घालायला रंभाबाईंपुढे भिरकावल्या आणि पांढऱ्या कवेत घेऊन ते वाफ्यात उतरले.

"चल पोरी, सहावा प्लॉट दाव," ते म्हणाले. "औषध मारायला पायजे."