गुंठ्यांचा दशांश
पुतणीला दशांश अपूर्णांक मी गुंठ्यांच्या हिशोबानं शिकवले. चिंचेचा आंबूस वास आला की परंड्यातली ती उन्हाळी सुट्टी आठवते. ओसरीवर वहिनी चिंचा फोडत होत्या आणि मी पुतणीची सातवीच्या गणिताची उजळणी घेत होतो. जूनमध्ये तिची नव्या शाळेची प्रवेश परीक्षा होती. १.३० अधिक १.३०. तिनं २.६० लिहिलं, मी रुबाबात खोडून ३.२० केलं. "काका, पुस्तकात बी २.६०च हाय." मी चक्रावलो. आमच्याकडं एक एकर तीस गुंठे १.३० असंच लिहितात, चाळीस गुंठ्यांचा एकर. मग चुकलं कुठं? पुस्तकच चुकलंय, असं ठोकून दिलं. टिंब दिसलं की आजही मला आधी बांधच दिसतो. वही ओढून घेत वहिनी तेव्हा म्हणाल्या, "भावजी, हे गणित हाय, शेत न्हाय. परीक्षा होईस्तोवर पोरीला शिकवू नका."