सात अट्ठे चौवन

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी गेरवाली सायकल घ्यायला गेले, तेव्हा दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, बेटा कौन सी क्लास में है? मी म्हटलं, सायकल माझ्यासाठी आहे आणि मी वीस वर्षं आठवीतच आहे. आठवीला गणित शिकवते हे काही मी त्याला सांगितलं नाही. तो हसलाही नाही. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात माझ्या वयाच्या बाईने सायकल घ्यायची, तर तिच्यामागे एखादा मुलगा किंवा निदान डॉक्टर तरी असावा लागतो. माझ्यामागे कोणी नव्हतं. मीच अकरा वर्षं नवऱ्याच्या मागे होते, स्कूटरवर.

नवरा मला शाळेत सोडायचा, अगदी मायेने सोडायचा. पण शाळा साडेसातची आणि त्याला खर्रा लागायचा सात वाजता. पानठेल्यावर सुपारी-तंबाखू घोटून होईपर्यंत दोन मित्र भेटायचे, त्यांची विचारपूस व्हायची, आणि मी मागच्या सीटवर पर्स पोटाशी धरून बसलेली. शाळेत पोचले की मोठ्या बाई माझ्याकडे न बघता घड्याळाकडे बघायच्या. सायकल आली आणि सकाळची वीस मिनिटं माझ्या एकटीची झाली. त्या वेळात मला कोणी काही मागत नसे की सांगत नसे. मला ती वीस मिनिटं इतकी आवडायला लागली की रविवारी शाळा नसल्याचं वाईट वाटे. स्टाफरूममध्ये हे अर्थातच बोलले नाही, त्यांनी मला वेड्यात काढलं असतं.

सायकलीला गेर एकवीस होते, पुढे तीन, मागे सात. कॅरियर नव्हतं, मडगार्ड नव्हतं, स्टँड नव्हता आणि घंटीही नव्हती. दुकानदार म्हणाला, ये सब लगाने से लुक खराब हो जाएगा. मी म्हटलं, लुक तर मी बसल्यावर होणारच आहे खराब, तुम्ही लावा. चाळीस पोरांच्या वह्या काय डोक्यावर न्यायच्या? घंटी मी घरातल्या जुन्या सायकलीची काढून बसवली, ट्रिंग नव्हे तर टर्रर्र करणारी. मग एका दुपारी बसून सगळ्या गेरांचे भागाकार काढले, पुढचे दाते भागिले मागचे दाते. एकवीसपैकी बरेच गेर एकमेकांचे जुळे भाऊ निघाले. मी दुकानात जाऊन सांगून आले की तुम्ही मला तोच तो गेर दोन-दोनदा दिलाय. त्याने चहा मागवला.

शेवटी मी तीनच गेर वापरात ठेवले आणि त्यांना नावं दिली. सगळ्यात हलका तो सासर, कारण पाय सारखे चालू आणि माणूस जागच्या जागी. मधला नोकरी, ना जड ना हलका, ओढत राहायचा. आणि सगळ्यात मोठा तो माहेर, उतार लागला की एक पाय मारला तरी आपोआप पोचवतो. नवऱ्याला ही नावं कळली तेव्हा त्याने मला माझ्या सासूसमोर ती सांगू नकोस एवढंच बजावलं.

घरातून सायकलीला अट एकच होती, जायचं ते नहराने. आमच्याकडे कालव्याला नहरच म्हणतात, आणि त्याच्या काठाने नगरपालिकेने फरशी टाकून फिरायला वाट केली आहे. मोठ्या रस्त्याने मलाजखंडकडे जाणारे ट्रक धावतात. पहिल्याच आठवड्यात एक ट्रक इतक्या जवळून गेला की माझी ओढणी त्याच्यामागे उडाली आणि मी खाली उतरून दहा मिनिटं कडेला उभी राहिले. त्यामुळे ही अट जितकी नवऱ्याची तितकीच माझी होती. नहर बंद तर सायकल बंद, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

पण सकाळी नहरावर सगळं गाव लोटतं. चार बाया एका ओळीत, सगळ्या सुनांची खबर घेत. मोबाइलवर मोठ्याने भजन लावून चालणारे एक गृहस्थ. बकऱ्या. हसण्याचा व्यायाम करणारी मंडळी, जी एरवी कधी हसताना दिसत नाहीत. घंटी वाजवली की लोकांना अपमान वाटतो असं माझ्या लक्षात आलं, म्हणून मी हाक द्यायला लागले. त्यातही पंचाईत. पाठीवरून माणूस ओळखू येत नाही. जय भीम म्हणावं, राम राम म्हणावं की गोंडांचं जय सेवा, हे मफलरवरून कसं ठरवायचं? एकदा मी एका मफलरला राम राम घातला आणि आतून माझा सख्खा मामा निघाला, ज्याने उभ्या आयुष्यात जय भीमशिवाय दुसऱ्या कशाला ओ दिलेली नाही. त्याने तिथूनच आईला फोन करून सांगितलं की पोरगी हातची गेली. शिवाय हाक ऐकून माणूस बाजूला होत नाही. तो थांबतो, वळतो आणि घरच्यांची चौकशी करतो. मी मुकाट्याने परत घंटीवर आले. टर्रर्र केलं की बाया पांगत, भजनवाले कडेला होत, म्हशीसुद्धा मान वळवून बघत.

एकटे सर तेवढे हलत नसत.

हे माझेच सर, नववी-दहावीला गणिताचे. मूळचे कटंगीकडचे. शिकवायचे हिंदीत आणि रागवायचे मराठीत. कान असा पिळायचे की घरी पोचेपर्यंत तो जागेवर आहे ना हे चाचपून बघावं लागे. चुकलेला पाढा त्यांना सहनच होत नसे. एका लग्नाच्या पंगतीत वाढणारा माणूस ताटांची मोजदाद चुकला, तर सर उष्ट्या हाताने उठून त्याच्यामागे मांडवाबाहेर गेले होते. मला गणित येतं ते त्यांच्यामुळे. आता सत्तरी ओलांडलेले, तरी घरी दहावीची शिकवणी घेत, आणि सकाळी नहरावर वाटेच्या बरोबर मधोमध चालत. मी मागून घंटी वाजवून वाजवून थकायचे. शेवटी फरशी सोडून गवतातून, चिखलातून सायकल काढायची. हा माणूस मुद्दाम करतो अशी माझी खात्री झाली. मी स्टाफरूममध्ये त्यांच्या चालण्याची नक्कल करून दाखवायचे आणि ती चांगली जमायची.

मग एके दिवशी कोणा पोराच्या सायकलीचा त्यांना मागून धक्का लागला. सर पडले, कोपर सोलवटलं. त्यांनी अर्ज लिहिला की सकाळी आठपर्यंत नहरावर सायकलींना बंदी करावी, आणि त्यावर फिरणाऱ्यांच्या सह्या घेतल्या. चारही बायांनी केल्या. पार्षद, म्हणजे आमचे नगरसेवक, शनिवारी सकाळी येऊन दोन्ही बाजू ऐकणार असं ठरलं. सर भेटेल त्याला सांगत होते की एकही सायकलवाला घंटी वाजवत नाही. हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी घंटी म्हशींना ऐकू येते आणि यांना येत नाही?

शनिवारच्या दोन दिवस आधी मी त्यांची खोडी काढायचं ठरवलं. पुलापाशी सर पुढे दिसले. मी सायकल सासरवर टाकली आणि त्यांच्या मागे चालत्या माणसाच्या वेगाने निघाले. पाय थांबवले की चाक टिकटिकतं, म्हणून पाय थांबवायचे नाहीत. पाचेक हातांवरून मी हळूच म्हटलं, सर, होमवर्क आणला नाही. सर चालत राहिले. जरा मोठ्याने म्हटलं, सर, आज कान घरी ठेवून आलेय, काय पिळणार? समोरून त्या चार बाया येत होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावले. मला आणखी चेव आला. मी सरांच्याच आवाजात, सरांच्याच मराठीत खडे बोल सुनावले. बाया हसून हसून वाटेतच थांबल्या. सर मात्र ढिम्म. म्हटलं, थांबा, आता कसे वळत नाहीत ते बघते. आणि चांगलं मोठ्याने, वर्गात म्हणतात तसं, पण छप्पनातले दोन कमी करून म्हटलं, "सात अट्ठे चौवन."

सर वळले नाहीत.

मी पुन्हा म्हटलं. त्यांची मानसुद्धा हलली नाही. ते हात मागे बांधून त्याच चालीने चालत होते. बाया अजून हसत होत्या, पण माझं हसू जागीच विरलं. हा माणूस रागावून गप्प बसू शकतो, अपमान गिळू शकतो, पण सात अट्ठे चौवन ऐकून पुढे चालत जाऊ शकत नाही. त्यांना ऐकूच येत नव्हतं. आणि मी अर्धा किलोमीटर त्यांच्या पाठीमागे माकडचेष्टा करत आले होते.

माझे पाय थांबले, सायकल झोकांडली आणि त्यांच्या खांद्याजवळून पुढे गेली. सर दचकले. हात छातीवर गेला. घंटी वाजवता येत नाही का म्हणून ते ओरडले, आणि त्या दिवशी ते खरं होतं, मी वाजवली नव्हती. मी उतरून माफी मागितली. बोलताना ते माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हते, तोंडाकडे बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी नवऱ्याला सांगितलं, तर त्याचा चेहरा खुलला.

"मंग झालं न. शनवारी सांगून दे सर्वाईसमोर, सर बहिरे हायेत म्हनून. अर्जच खलास."

मी हौ म्हटलं. तो म्हणत होता ते खरंच होतं. एक वाक्य बोलायचं आणि माझी वाट, माझी सायकल, माझी वीस मिनिटं सगळं वाचणार. फक्त मला हेही कळत होतं की सरांनी ते का लपवलं. बहिऱ्या मास्तराकडे कोण पोरं शिकवणीला पाठवणार? दोन रात्री मी ते एक वाक्य मनात घोळवलं, मवाळ करून बघितलं, हिंदीत करून बघितलं. कसंही केलं तरी ते तसंच राहायचं.

शनिवारी पुलाजवळ पार्षद आले. एका बाजूला फिरणारी मंडळी, दुसऱ्या बाजूला दोन दूधवाले, कॉलेजच्या काही पोरी आणि मी. सरांनी अर्ज वाचून दाखवला. मग दुसरे बोलायला लागले तसे ते मान तिरकी करून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत राहिले, मागच्या बाकावरचं पोर शेजाऱ्याच्या वहीत बघतं तसं. आधी हे मला कधी दिसलं कसं नाही?

पार्षदांनी मला विचारलं, "मैडम, आप घंटी बजाती हैं कि नहीं? बस इतना बता दीजिए।"

मी काही बोलायच्या आत भजनवाले गृहस्थ म्हणाले की मॅडमची घंटी तर आम्ही सगळेच ऐकतो, मग सरांनाच कशी काय... आणि लोक सरांकडे वळून बघायला लागले.

"नाही वाजवत मी," मी म्हटलं. "सर खरं सांगताहेत."

दूधवाल्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांच्या दुधात माशी टाकली. स्कूटरची मागची सीट, पानठेला, मोठ्या बाईंचं घड्याळ, सगळं परत येणार हे मला बोलतानाच कळत होतं. पार्षदांनी पेन उघडलं. सगळे माझ्याकडे बघताहेत एवढं सरांना दिसलं, पण मी पार्षदांकडे वळून बोलले होते, माझं तोंड त्यांना दिसलं नव्हतं. त्यांनी शेजारच्याला विचारलं की ती काय म्हणाली. तो दुसरीकडे बघायला लागला. मग मीच त्यांच्या समोर गेले आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून परत म्हटलं की सर, मी घंटी वाजवत नाही.

सरांनी ते माझ्या ओठांवरून वाचलं, आणि मी असं सुटं-सुटं का बोलतेय तेही त्यांना कळलं. इतका वेळ सर हिंदीतच बोलले होते. ते पार्षदांकडे वळून मराठीत बोलले.

"खोटं बोलून राह्यली ते. वाजवत असन. सारेच वाजवत असतीन. मलेच आयकू येत नाही."

मग त्यांनी हात पुढे केला, अर्ज परत घेतला, त्याच्या चार घड्या केल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. पार्षदांनी कानाच्या मशीनबद्दल काहीतरी विचारलं. सरांना ते कळलं नाही आणि कोणी ते त्यांना परत सांगितलं नाही.

वाट वाचली. दूधवाले खूश होऊन गेले. मी शाळेपर्यंत रडत गेले, कुठला गेर लागलाय हेही बघितलं नाही. रविवारी कळलं की दोन घरांनी आपली पोरं सरांच्या शिकवणीतून काढून घेतली.

सोमवारी सर नहरावर समोरून येताना दिसले. त्यांनी फिरण्याची दिशा बदलली होती. आता शहराकडून येणारी प्रत्येक सायकल त्यांना लांबूनच दिसत होती. मी त्यांना बघितलं आणि सायकलवरून उतरून कडेला मान खाली घालून उभी राहिले.  सर जवळ आले आणि थांबले.

"उतरली काहून?" ते म्हणाले. "चढ. शाळेले उशीर होते."

आणि माझ्यासाठी ते वाटेवरून बाजूला झाले.