आधी पाय बघणाऱ्या आत्या

आमच्या आत्या कोणाचं बाळ बघायला गेल्या की आधी त्याचं तोंड बघत नसत, पाय बघत. दुपटं सोडायचं, दोन्ही टाचा जुळवायच्या, गुडघ्यांवरून हात फिरवायचा आणि मग पोराला असं गच्च गुंडाळायचं की नुसतं डोकं बाहेर राहावं. नाक बापावर गेलंय की आईवर, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

त्या माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. उजव्या पायाने लंगडत. लंगडीला कोण करणार, म्हणून लग्न झालं नाही आणि भाईंदरच्या घरात भावाच्या संसारातच आयुष्य गेलं. वचक मात्र असा, की सासरे मिठागरावर जायला निघताना चप्पलही बहिणीला विचारून घालतात, असं मी माहेरी सांगत असे.

लंगडण्याचं कारण त्या विचारणाऱ्याला सांगत आणि न विचारणाऱ्यालाही. "आय मिठागरावं जायची, मना मोकली टाकून. बांदली असती त पाय सरल झाला असता." आईबद्दल एवढंच. तिचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही, आणि त्यांच्यापुढे घरात कोणी घेतही नसे. आईने केलं नाही ते आपण करायचं, म्हणून गावातली निम्मी पोरं त्यांनी बांधलेली होती.

एकोणीसशे साठ-पासष्टच्या सुमाराला मला मुलगी झाली. माझी आई नव्हती, त्यामुळे बाळंतपण सासरीच झालं आणि पहिल्या दिवसापासून दुपट्याचा ताबा आत्यांकडे गेला. आमच्या अलिबागकडेही बाळ गुंडाळतात, पण पाय इतके ताणून नाही. पोर झोपायची मात्र छान, खोटं कशाला बोलू.

बोरिवलीच्या दवाखान्यात तिला दाखवायला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी तिचे पाय फाकवून पाहिले. डावा नीट उघडेना. खुब्याचा सांधा सरकलेला होता. "हात गुंडाळा हवं तर. पाय अजिबात बांधायचे नाहीत. मध्ये जाड घडी ठेवा आणि फाकलेले राहू द्या," ते म्हणाले.

आत्या बरोबर होत्याच. त्यांनी दुपटं पोटाशी धरलं. "डाक्टर, पोरीची जात हाय. मोकली ठेवली त माज्यासारकी व्हईल. कोन करील तिला?"

मला खरंच कळेना कोणाचं ऐकावं. डॉक्टरांची ओळख घटकाभराची. आत्यांचा पाय मी रोज बघत होते. पोरीच्या जन्माचा प्रश्न, आणि चुकलं तर बोल माझ्याच माथी येणार.

डॉक्टरांनी आत्यांना चार पावलं चालायला लावलं, मग निजवून त्यांचा खुबा चाचपला. "आजी, तुमचाही सांधा जन्मापासूनच सरकलेला असणार. आईनं मोकळं ठेवलं ते बरंच केलं. पाय ताणून बांधले असते तर आणखी बिघडलं असतं."

"म्हंजे आयेचा दोस नव्हता?"

"कोणाचाच नव्हता."

घरी आल्यावर आत्यांनी दुपटं निम्मं दुमडलं, पोरीचे हात तेवढे गुंडाळले आणि पायांमध्ये घडी ठेवली. पोर रात्रभर किरकिरली, तरी त्यांनी पाय बांधले नाहीत. सकाळी चुलीपुढे बसून म्हणाल्या, "मरताना आय मना हाक मारत व्हती. मी गेली न्हाय." मला रडू आलं. त्या रडल्या नाहीत.

पायाच्या धावपळीत बारसं लांबलं होतं. मला नणंद नाही, म्हणून नाव ठेवायला आत्याच. सुनंदा ठरलं होतं. पाळण्यात वाकून त्या पोरीच्या कानात काहीतरी पुटपुटल्या आणि सरळ होऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बायजा."

सासरे उठून अंगणात गेले. ते त्यांच्या आईचं नाव होतं.

शाळेत आम्ही सुनंदाच घातलं. घरात मात्र आत्या होत्या तोवर दुसरं नाव चाललं नाही. पाणी दे, सुईत दोरा ओव, माझ्यापाशी बस, अशी कारणं काढून त्या दिवसभर आपल्या आईला हाका मारत, आणि माझी मुलगी धावत येई.